तुम्ही विचारलंत म्हणून: नातवाच्या पाळण्याला वेखंड कशाला?

बारशापासून हा प्रश्न निदान वीस जणींनी विचारलाय. "मॅडम, तुम्ही सायन्सच्या आणि पाळण्याला वेखंड?" नणंद तर हसत हसत म्हणाली, "तेव्हा काय तमाशा केला होतास, आठवतंय ना?" आठवतंय, म्हणून तर लिहितेय.

आधी एक सांगते, वेखंड पोटात द्यायच्या मी आजही विरोधात आहे. गुटीत दोन वेढे नाहीत, वाचा लवकर फुटावी म्हणून मधातून चाटण तर नाहीच नाही, मध वर्षाच्या आत द्यायचाच नसतो. आपल्याकडच्या वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य भरपूर असतं, उंदरांना वेखंडाचं तेल खायला घातलं तर गाठी झाल्या म्हणून अमेरिकेने 1968 सालीच ते खाण्यात वापरायला बंदी केली. वर्गात हे सांगून सांगून घसा कोरडा झालाय माझा. पुस्तकांच्या कपाटात खुशाल ठेवा, कसर लागत नाही.

आता तो तमाशा. लेक दोन महिन्यांची, पौषातली थंडी. सासूबाईंनी न्हाऊ घालून टाळूला, तळपायांना वेखंडाची पूड चोळली, दारंखिडक्या लावून निखाऱ्यांवर ओवा, वेखंड, लसणाची सालं टाकली आणि धुरी दिली. रोजचंच होतं ते, पण त्या आठवड्यात तिला सर्दी होती आणि संध्याकाळी श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायला लागला. रिक्षा, हॉस्पिटल, ऑक्सिजन. नर्स म्हणाली हातातला दोरा काढा, सलाईन लावायचंय. काळ्या दोऱ्यात वेखंडाचं कांडं होतं. तिथेच, सगळ्यांसमोर, मी म्हटलं, "तुमच्या या वेखंडाने जीव गेला असता माझ्या पोरीचा." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. तेल पिऊन पिऊन गाठ इतकी घट्ट झालेली की नखाने सुटेना, मग त्यांनी वाकून ती दातांनी सोडवली, कांडं पदराच्या टोकाला बांधलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या. तीन रात्री तिथेच होत्या.

डॉक्टर नंतर म्हणाले, व्हायरल आहे, धुराने वाढलं असेल पण धुराने झालेलं नाही. यातलं पहिलं अर्धंच मी घरी सांगितलं. सासूबाईंनी पुन्हा धुरीचं नाव काढलं नाही, पण पोरीला न्हाऊ घालणंही सोडलं, "तूच घाल, तुझं बरोबर असतं." मला वाटलं बरंच झालं. खरंच वाटलं तसं, आता कशाला खोटं बोलू.

लेक विचारते, आई, हे काय प्रायश्चित्त आहे का? नाही गं. धुरी चूकच होती, आजही कुणी दिली तर मी भांडेन. आणि दृष्टबिष्ट मानत नाही मी. मग का बांधलंस? तो वास आल्याशिवाय घरात बाळ आहे असं वाटत नाही, हे एक कारण. पण एवढंच असतं तर कपाटात ठेवलं असतं की.

गळ्यात-मनगटात नाही बांधलेलं, तोंडात गेलं तर अडकेल, वरच्या दांडीला आहे, त्याचा हात पोचत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात गेले तर त्याने मान वर न करताच विचारलं, "उगाळायला की बांधायला?" मी म्हटलं, "बांधायला." मागे एक ओळखीची बाई उभी होती, तरी म्हटलं.