सेक्रेटरी पैसे खाणार!

बँकांत आणि कारखान्यांत कर्मचाऱ्यांसाठी खेळ घेणं हा माझा व्यवसाय. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळानं बोलावलं, तेव्हा सेक्रेटरींनी विषय कळवला होता : स्मरणशक्ती, संवाद आणि सकारात्मक विचार. दोन तासांत तिन्ही! म्हटलं, बघू.

सुरुवात कानात निरोप सांगण्याच्या खेळानं केली. निरोप होता, 'रविवारी सातला राजवाड्यापाशी जमू, पोह्यांचे पैसे सेक्रेटरी देतील.' रांगेच्या शेवटी कानाला यंत्र लावलेले, रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड काका होते. त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं, "राजवाड्यापाशी सेक्रेटरी पैसे खाणार!"

सेक्रेटरी सोडून सगळे हसले आणि खापर फुटलं काकांच्या कानांवर. मी मग पहिल्यापासून एकेकाला काय ऐकलं ते विचारत गेलो. पैसे रांगेच्या मध्यावरच खाऊन झाले होते, आणि तिथल्या आजींचे कान ठणठणीत होते. गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे जाताना माणूस ती आपल्या ओळखीच्या साच्यात बसवतो, हे फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञानं १९३२ सालीच दाखवलंय. सेक्रेटरी आणि पैसे शेजारी आले की आपल्याकडे पुढचं क्रियापद ठरलेलं! काका मात्र घुश्शातच होते.

मग ताट आणलं. अडकित्ता, कुलूप, चमचा, जिरावण मसाल्याची डबी, सुतळीचा गुंडा, निरांजन अशा वीस वस्तू. मिनिटभर बघायचं, वर रुमाल, मग कागदावर लिहायचं. बहुतेकांची गाडी आठ-नऊवर अडली. यात वयाचा फारसा दोष नाही. जॉर्ज मिलरनं १९५६ मध्ये तात्पुरत्या लक्षात राहणाऱ्या गोष्टींचा आकडा साताच्या आसपासच सांगितला होता, तोही तरुणांसाठी.

काकांनी कागद घेतलाच नाही. डोळे मिटून उभे राहिले.

"महू. अडकित्ता चढला, कुलूप चढलं. पातालपानी. चमचा धबधब्यात पडला. कालाकुंड. इथं कलाकंद मिळतो, म्हणून जिरावणाची डबी. चोरल... बलवाडा... बडवाहला सुतळीचा गुंडा..."

खंडव्याला निरांजन उतरवून थांबले. वीसच्या वीस! महू ते खंडवा ही मीटरगेजची गाडी रुंदीकरणासाठी बंद झाली, पण काकांच्या डोक्यात ती वेळेवर धावत होती. ओळखीच्या वाटेवर एकेक वस्तू ठेवत जायची ही युक्ती प्राचीन ग्रीक वक्ते भाषण पाठ करायला वापरत. मी ती कार्यशाळांत पडद्यावर चित्रं दाखवून शिकवतो. काकांना कुणी शिकवली नव्हती.

उरला सकारात्मक विचार. या नावाखाली बहुतेक ठिकाणी सुविचार वाटतात. मला त्याचा कंटाळा आहे. माझा नियम एकच : शेजाऱ्याचं कौतुक करायचं, पण 'स्वभाव छान' चालणार नाही, आज डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं.

मघाच्या आजी उठल्या. "मी बडवाहची. इतक्या वर्षांनी कुणीतरी गाडी माझ्या माहेरी थांबवली. पण तिथं सुतळी काय ठेवता हो? निरांजन ठेवायचं!"

"निरांजनाचं तिकीट खंडव्याचं होतं, बाई."

पुढच्या महिन्यात मंडळानं ताटाचा खेळ पुन्हा ठेवला. मला बोलावणं नव्हतं. घेणार होते काका.