ड्रेनच्या रकान्यातली नोंद

मंगळवार, रात्री

आज ग्राहक आयोगात माझ्या बहिणीच्या, आक्काच्या तक्रारीची सुनावणी झालीच नाही, पुढची तारीख पडली. समोरच्या वकिलांनी डॉक्टरांचं प्रतिज्ञापत्र दाखल केलं, त्याची प्रत घेऊन आलो आणि जेवणं उरकल्यावर वाचत बसलो. सगळा भर एकाच मुद्द्यावर आहे: दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होणं ही माहीत असलेली गुंतागुंत आहे आणि पेशंटने संमतीपत्रावर सही केली होती.

यातलं पहिलं खरं आहे. हजारात तीन ते पाच जणांना अशी इजा होते, निष्णात सर्जनच्या हातूनही होते. पित्ताशय सुजलं की आजूबाजूचं सगळं चिकटून बसतं, पित्ताशयाची नळी कुठली आणि मुख्य नलिका कुठली हे ओळखणं अवघड जातं. उपचार फसला, अघटित घडलं, एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलंय आणि मला ते पटतं. नलिका कापली गेली एवढीच तक्रार असती, तर मीच आक्काला म्हटलं असतं, सोडून दे.

आमची तक्रार नंतरच्या दिवसांची आहे.

केस पेपर मागितल्यापासून 72 तासांत द्यावे लागतात, असा नियम आहे. आम्हाला ते वकिलांची नोटीस गेल्यावर मिळाले. डॉक्टरांच्या पानावर दुसऱ्या दिवशी लिहिलंय, 'पेशंट ठीक, पातळ आहार सुरू'. त्याच तारखेच्या नर्सच्या पानावर, रात्री दोनच्या ओळीत, निळ्या शाईने: ड्रेन 400 मिली, हिरवट. खाली ताप 101, पोट फुगलेलं, डॉक्टरांना फोनवर कळवलं. ड्रेन म्हणजे ऑपरेशननंतर पोटातलं पाणी पिशवीत काढणारी नळी, आणि हिरवट म्हणजे आत पित्त गळतंय. ती पिशवी मी डोळ्यांनी पाहिली होती. सकाळी रिकामी केली की दुपारपर्यंत परत भरायची. विचारलं की उत्तर एकच, ऑपरेशननंतर असं येतंच. पुण्याला हलवलं तेव्हा आक्काचे डोळे पिवळे झाले होते आणि पोटात पू झाला होता. आधी महिनोन्‌महिने नळी ठेवून, मग आतडं वर ओढून नलिकेला जोडावं लागलं. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला बसायची ती, आता तासभरही बसवत नाही तिला.

संमतीपत्राचं तर मला अजून सहन होत नाही. छापील इंग्रजी कागद, थिएटरच्या दारात, स्ट्रेचरवर झोपलेल्या बाईच्या हातात पेन. कशासाठी सही, धोके काय, दुसरा पर्याय काय, हे समजावून सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे, हे 2008 च्या समीरा कोहली निकालात स्पष्ट आहे. शिवाय धोक्याला दिलेली सही म्हणजे धोका उभा राहिल्यावर न बघण्याला दिलेली परवानगी नव्हे.

त्या दिवसांत चुलतभाऊ पोरं घेऊन हॉस्पिटलच्या काचा फोडायला निघाले होते. मी त्यांना हाकलून दिलं. 2010 च्या राज्याच्या कायद्याने त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे ही एक गोष्ट, पण मुळात त्या वॉर्डात दुसऱ्यांच्या बहिणी झोपल्या होत्या. आणि ती नोंद लिहिणारी नर्सही तिथेच होती. तिने खरं लिहिलं म्हणून आज आमच्या हातात काहीतरी आहे.

ग्राहक आयोगात यायला आम्हाला दोन वर्षांची मुदत होती. बिल पाच लाखांच्या आत, त्यामुळे फी लागली नाही. डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा या कायद्यात येते, हे 1995 पासून ठरलेलं आहे. सिव्हिलसारख्या ठिकाणी सगळ्यांनाच मोफत उपचार असतील, तर हा रस्ता नाही, दिवाणी कोर्टात जावं लागतं. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात 1963 मध्ये नसबंदीच्या ऑपरेशनात एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला, ती गेली, आणि तिच्या नवऱ्याला सुप्रीम कोर्टातून न्याय मिळाला 1996 मध्ये. आमच्या वकीलबाईंनी हे सांगितलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

अडलंय ते तज्ज्ञाच्या मतावर. प्रत्येक खटल्यात ते लागतंच असं नाही, असं सुप्रीम कोर्टाचा 2010 चा निकाल म्हणतो. पण आमचं प्रकरण गुंतागुंतीचं, असलेलं बरं. इथले एक निवृत्त सर्जन कागद बघून म्हणाले, "इजा कुणाच्याही हातून होईल. हिरवं पाणी दिसल्यावर लगेच सोनोग्राफी व्हायला हवी होती." लेखी द्या म्हटलं तर गप्प. याच शहरात त्यांना राहायचंय हे समजतं, तरी राग येतोच. आता पुण्यात विचारणार आहे.

आक्का आज म्हणाली, "मला पैशाचं काय नाही रे. पोट फुगायलंय, कुणीतरी बघा म्हणत होते की मी. कुणी बघितलं का नाही, तेवढं त्यांना विचार."

साक्षीपुराव्याला इथे प्रतिज्ञापत्रं चालतात, उलटतपासणीही बहुतेक लेखी प्रश्नांनी होते. वकीलबाईंना गुरुवारपर्यंत प्रश्न पाठवायचेत. पहिला लिहून ठेवला: रात्री दोनला फोन आल्यावर आपण काय सांगितलंत, आणि पेशंटला प्रत्यक्ष कधी तपासलंत? बाकीचे उद्या फाइल परत वाचून लिहीन.