ह्यांच्या झोपेचं कोडं

ह्यांची झोप बिघडली तेव्हा आम्ही ते वयावर ढकललं. ६६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. तीन वर्षांपूर्वी लिव्हर सिरॉसिसचं, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होत जाण्याचं, निदान झालेलं. दारूला आयुष्यात शिवले नाहीत. मधुमेह आणि फॅटी लिव्हरमधून हे दुखणं आलं. गेल्या पावसाळ्यापासून रात्र रात्र टक्क जागे, आणि दुपारी जेवता जेवता डुलक्या.

घरी येणारा प्रत्येक जण काहीतरी उपाय सांगून जायचा. शेजारच्या वहिनींनी दुधातून अश्वगंधा सांगितली. अमेरिकेहून आलेला भाचा मेलाटोनिनच्या, म्हणजे झोप यायच्या गोळ्यांची बाटली देऊन गेला. "मामी, तिकडे हे दुकानात असंच मिळतं, औषध नाही, सप्लिमेंट आहे," म्हणाला. मला ते पटलं. मी दोन्ही सुरू केलं. लिव्हरच्या डॉक्टरांना आधी विचारावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. ह्यांची सही म्हणजे आडनावाच्या शेवटी खाली घेतलेला एक लांब वळसा. त्या दिवशी तीनदा केली, तिन्ही वेळा वेगळी. अक्षरं एकमेकांवर चढलेली, वळसा कुठेच नाही. शेवटी अंगठा घेऊ का, असं विचारलं गेलं. पस्तीस वर्षं मुलांचं अक्षर सुधारणारा माणूस त्या कागदाकडे नुसता बघत राहिला. त्या संध्याकाळीच मी डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि म्हणाले, "सर, एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगा." गाय, म्हैस, बैल, कुत्रा, मांजर... मग पुन्हा गाय. मिनिटभरात आठ. नंतर दोन्ही हात पुढे करून मनगटं वर वळवायला सांगितली, तर हात मध्येच गळून फडफडायला लागले. मी खुर्चीत घट्ट बसून राहिले.

हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी, असं त्याचं नाव. आतड्यातले जिवाणू अमोनिया तयार करतात. निरोगी लिव्हर त्याचा युरिया करून तो बाहेर काढायला पाठवतं. खराब झालेल्या लिव्हरला ते झेपत नाही, तो रक्तातून मेंदूत जातो. झोपेचं दिवस-रात्रीचं चक्र उलटं होणं हे त्याचं सुरुवातीचंच लक्षण असू शकतं. म्हणजे मी चार महिने ज्याच्यावर गोळ्या देत होते, ती मेंदूने दिलेली सूचना होती.

बाटली बघून डॉक्टर म्हणाले, "काकू, हे आज बंद. अश्वगंधाही." मेलाटोनिन सगळ्यांनाच वाईट असं त्यांचं म्हणणं नव्हतं, पण सिरॉसिसमध्ये ते शरीरातून सावकाश बाहेर पडतं, आणि आधी मूळ दुखणं आवरायला हवं. अश्वगंधेने लिव्हरला इजा झाल्याचे रुग्ण आपल्याकडेही नोंदले गेलेत, आणि ज्यांचं लिव्हर आधीच खराब आहे त्यांच्या जिवावर बेतू शकतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी अल्प्राझोलाम या झोपेच्या गोळीबद्दल विचारलं, कारण माझ्या बहिणीकडे ती होती. त्यावर ते एकदम गंभीर झाले. अशा गोळ्यांनी सिरॉसिसचा रुग्ण बेशुद्धीत जाऊ शकतो. ती मी दिली नव्हती, एवढंच नशीब.

मग सुरू झालं लॅक्टुलोज सिरप, पोट साफ करून अमोनिया बाहेर काढणारं, आणि थोड्या दिवसांनी आतड्यातल्या जिवाणूंवरची रिफॅक्सिमिन ५५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. सिरप गोड, म्हणून मला साखरेची धास्ती. पण ते आतड्यात फारसं शोषलंच जात नाही. खरा त्रास वेगळाच. दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच व्हायला हवी, त्याहून कमीही नको आणि जास्तही नको. पहिल्या आठवड्यात सहा-सहा वेळा झाली, अंगातलं पाणी गेलं, हे भिंत धरून चालायला लागले. डॉक्टरांना फोन करून १५ मिली कमी केलं. संडासाचा हिशेब वहीत लिहायला ह्यांना फार लाज वाटायची. मग मी पान आखून दिलं आणि फक्त रेघा ओढायला सांगितल्या. शिक्षकच ते, हजेरीपटासारखं भरायला लागले.

जेवणाबाबत तर मी उलटंच करत होते. "लिव्हरला प्रथिनं जड" असं ऐकून डाळ निम्मी केली होती. डॉक्टरांनी किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम सांगितलं, म्हणजे ह्यांच्या ६० किलोला रोज ७२ ते ९० ग्रॅम. अमोनिया स्नायूही उचलतात, म्हणून ते झिजू द्यायचे नाहीत. शाकाहारी घरात एवढं जमवणं सोपं नाही. दही, पनीर, उसळी, डाळीचं पिठलं, आणि निजण्यापूर्वी दूध व मूठभर फुटाणे. रात्रभर पोट रिकामं ठेवायचं नाही, म्हणून एकादशीही सोडली. ते ह्यांना सगळ्यात जड गेलं.

सहा आठवड्यांनी पुन्हा प्राणी विचारले. सोळा झाले. झोप मात्र अजून सलग नाही. तीनला जाग येतेच. सकाळी तासभर उन्हात बसवते, दुपारी पलंगावर टेकू देत नाही.

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नात सिरपची बाटली घरी राहिली. दोन दिवस रेघा नाहीत. दुसऱ्या रात्री दोनला उठून बघते तर हे कपाटातले सगळे सदरे काढून पलंगावर घड्या घालत बसलेले. "शाळेला उशीर होतोय," म्हणाले. मी दिराला उठवलं, त्याने औषधाचं दुकान शोधलं. तोवर मी डॉक्टरांना फोन लावला आणि ह्यांच्याजवळ बसून सदऱ्यांच्या घड्या घालत राहिले.