मध सर्वांत शेवटी

मधमाशीपालन केंद्रात जाताना माझे सारे लक्ष मधाकडे होते; आम्हाला आत नेणाऱ्या मधपाळ काकांचे मात्र मधाकडे सर्वांत शेवटी गेले. येण्याआधी त्यांनी फोनवर बजावले होते, की फिकट रंगाचे कपडे घाला, अत्तर लावू नका आणि केळे खाऊन येऊ नका. केळ्याची सूचना मी थट्टेवारी नेली होती. डंख मारणारी माशी जो धोक्याचा गंध सोडते, त्यातील मुख्य घटकाचा वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो, हे पेट्यांजवळ पोहोचल्यावर कळले.

पेटीसमोर माश्यांची वहिवाट असते, म्हणून आम्हाला बाजूला उभे केले गेले. काकांनी धुराड्याचे दोन-तीन झोत दाराशी सोडले. धुराने धोक्याचा गंध झाकला जातो, शिवाय माश्या मध पोटात भरून घेण्याच्या मागे लागतात. झाकण निघताच मेणाचा उबदार वास आला आणि राळेने चिकटलेली, पोळे धरून ठेवणारी पहिली चौकट कट्‌कन आवाज करून सुटली. दोन पोळ्यांमध्ये सहा ते नऊ मिलिमीटरची फट राहिली, तर माश्या ती येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवतात. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन मधपाळाने याच मापावर बेतलेल्या पेटीचे पेटंट 1852 साली घेतले, आणि म्हणूनच आज पोळे न मोडता एकेक चौकट पुस्तकाच्या पानासारखी बाहेर काढता येते.

काकांनी चौकट अशी कलती धरली, की खांद्यावरून येणारे ऊन थेट कोठड्यांच्या तळाशी पडावे. बराच वेळ मला काहीच दिसेना. मग एका कोठडीच्या तळाशी पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा उभा असावा तसे अंडे दिसले, आणि एक दिसल्यावर शेजारच्या सगळ्याच कोठड्यांत दिसू लागले. पहिल्या दिवशी अंडे उभे असते, पुढे ते कलत जाते आणि तीन दिवसांनी त्यातून अळी निघते. "अंडं उभं आहे ना, मग राणीला शोधत बसायचं कारण नाही. ती कालपरवा इथूनच गेली आहे," काका म्हणाले. राणी पाहायला मिळाली नाही याची मला थोडी चुटपुट लागली, हे मान्य केले पाहिजे.

त्याच चौकटीवर एका तपकिरी झाकणाला आतून भोक पडत होते. आधी दोन मिशा बाहेर आल्या, मग डोके. कामकरी माशी अंड्यापासून एकविसाव्या दिवशी बाहेर पडते, आणि तिचे पहिले काम कोठड्या साफ करण्याचे असते. तिच्या मदतीला कोणी आले नाही. दोघीतिघी तर खुशाल तिच्या डोक्यावरून चालत गेल्या. ती मात्र कडा कुरतडत राहिली आणि अखेर करड्या, ओलसर लवेसकट बाहेर सरकली. हे पाहण्याच्या भरात मी चौकटीची कड बोटाने धरली आणि डंख खाल्ला. चूक सर्वस्वी माझी होती. काकांनी नखाने खरवडून काटा काढायला लावला, कारण तुटलेली विषाची पिशवी नंतरही विष ढकलत राहते, आणि त्या बोटावरच धुराचा एक झोत सोडला.

मधाची पाळी पेटीच्या वरच्या, मध साठवण्याच्या कोठीत आली. काकांनी एक चौकट आडवी धरून झटकली. पाण्यासारखे पातळ थेंब पडले. मकरंद अजून पिकला नव्हता. अशा मधात पाणी जास्त असल्याने तो आंबतो, म्हणून ती चौकट तशीच परत गेली. बहुतेक कोठड्या मेणाने बंद झालेल्या चौकटी दुसऱ्या पेटीत मिळाल्या. गरम सुरीने मेणाची झाकणे कापून त्या मध काढण्याच्या यंत्रात उभ्या लावल्या आणि हँडल फिरवले, तेव्हा आधी पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज आला आणि मग तळाच्या तोटीतून जाड धार सुरू झाली.

रिकाम्या, चिकट चौकटी काकांनी लगेच परत ठेवल्या नाहीत. दिवसाउजेडी ठेवल्या तर वासावर शेजारच्या पेट्यांतील माश्या लुटायला येतात. त्यांवर ओले फडके टाकून आम्ही सूर्य मावळण्याची वाट पाहत बसलो.