व्हेंडर कोड

आमच्या शेडमधनं जो पार्ट बाहेर पडतो त्यावर तीन गोष्टी असतात. परदेशी कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर, हे लोखंड ओतणाऱ्या फौंड्रीतनंच उठून येतं, आणि कोपऱ्यात आम्ही हातोडीनं मारलेला चार आकडी व्हेंडर कोड, म्हणजे माल पुरवणाऱ्याचा नंबर. तो कोड म्हणजे आम्ही. आणि तोही कशाला, तर उद्या पार्ट खराब निघाला तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून.

कोल्हापूरजवळ शिरोलीला आमचं छोटं मशिनशॉप आहे, वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवर सुरू केलेलं. परवा एक मित्र मिसळ खाता खाता म्हणाला, एमएनसी, म्हणजे परदेशी कंपन्या आल्या म्हणून तुमचं बरं चाललंय की, नाहीतर कोण विचारतंय कोल्हापूरला. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, घरी आल्यावर सुचलं, म्हणून लिहितोय.

बरं चाललंय हे खोटं नाही. वडिलांचं जुनं काम बोटावर होतं, बोअरमधनं, म्हणजे पार्टच्या भोकातनं बोट फिरवायचं आणि म्हणायचं 'दोन शतक मोठं गेलंय' (शतक म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग). बऱ्याचदा बरोबर असायचं पण बऱ्याचदा म्हणजे कायम नाही ना. पहिल्या ऑडिटला कंपनीचा माणूस आला, त्यानं पार्ट बघितलाच नाही, मायक्रोमीटर उचलला आणि विचारलं, याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे हा माप बरोबर दाखवतो याचा दाखला कुठाय? वडील बघतच राहिले. त्यानंतर दर तासाला माप लिहायचं, गेजवर तारखेचं स्टिकर, जमिनीवर पिवळे पट्टे, लाल पेटीत रिजेक्शन. सुरवातीला सगळ्यांना हे नाटक वाटलं, पण रिजेक्शन खरंच निम्म्यावर आलं. हे आमचं आम्ही कधीच शिकलो नसतो, मान्य.

पण दर कोण ठरवतं? वर्षाला दोन-तीन टक्के कमी करा, हे ठरलेलंच. वीज वाढली, टूल महागलं, पोरांचे पगार वाढले, त्याला उत्तर एकच, 'प्रॉडक्टिव्हिटी वाढवा'. एकदा दोनशे पीसचा लॉट पूर्ण मशिनिंग होऊन गेला आणि शेवटच्या बोअरमध्ये ब्लोहोल, म्हणजे ओतताना आत राहिलेल्या हवेच्या पोकळ्या उघडल्या. चूक कास्टिंगची, म्हणजे ओतकामाची, फौंड्रीचे पैसे कापले गेले, ते ठीक. पण आमचा सहा दिवसांचा मशिन टाइम? तो कुणाच्याच हिशोबात नाही, कारण 'ओके पीसचेच पैसे' असं ऑर्डरमध्ये लिहिलेलं, आणि सही आमचीच.

पेमेंटचं तर बोलायलाच नको. 2006 च्या एमएसएमई कायद्यात छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असं स्पष्ट आहे, उशीर केला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज. आता इन्कम टॅक्समध्येपण तसा नियम आलाय, वेळेत दिले नाहीत तर पैसे देणाऱ्या कंपनीचा तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत. आमचे आले 90 दिवसांनी. तक्रार करा म्हणतात. अहो, तक्रार केली की पैसे मिळतील पण पुढची ऑर्डर? सत्तर टक्के काम एकाच गिऱ्हाइकाचं असलं की कायदा खिशात ठेवून गप बसावं लागतं. (यात देशी कंपन्या काही धुतल्या तांदळाच्या नाहीत, त्यांनीपण असंच रखडवलंय आम्हाला.)

मला खरं खुपतं ते वेगळंच. याच उद्यमनगरात म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार अशी हातानं शिकलेली माणसं होऊन गेली, आणि कोल्हापूरची ऑइल इंजिनं कोल्हापूरच्या नावानं विकली जायची. ती इंजिनं एमएनसीनं मारली नाहीत हे पण सांगतो, शेतात वीज आली, मोटर आली आणि इंजिन गेलं. पण नंतर नवं काही आपल्या नावाचं काढण्यापेक्षा दुसऱ्याचं ड्रॉइंग मिळवणं सोपं होतं. ड्रॉइंग येतं, त्यातला पार्ट का असाच आहे हे कधीच येत नाही. त्यांचं डिझाइनचं ऑफिस तिकडं, आमच्याकडं फक्त टॉलरन्स, मापात किती फरक चालेल तो आकडा.

मारुतीच्या वेळी निदान अट होती. 1983 ला गाडी आली तेव्हा सुटे भाग टप्प्याटप्प्यानं इथंच बनवायचे असं सरकारनं बांधून घेतलेलं, त्यामुळं सुझुकीला इथले सप्लायर उभे करणं भाग पडलं. पुढं डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांमुळं तशी अट घालता येईना. म्हणजे कंपनी येणार, आम्हाला शिकवायचं का नाही ते तिच्या मर्जीवर.

चपलेचं बघा की. 2019 ला कोल्हापुरीला जीआय मिळाला, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्या चपलेलाच लावायचं, त्यात कोल्हापूर धरून आपले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे. तरी जून 2025 ला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावच नाही! आरडाओरडा झाला तेव्हा कबूल केलं, त्यांची माणसं इथं येऊन गेली, डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, दोन हजार जोड, किंमत आठशे युरोच्या आसपास. चपलेवाल्यांकडं ओरडायला नाव तरी होतं. आम्ही काय ओरडणार, आमचा चार आकडी कोड चोरला म्हणून?

तर आता दोन मशिनं बाजूला काढून आम्ही उसाच्या चरकाचे गिअरबॉक्स करतोय, गुऱ्हाळवाल्यांसाठी. डिझाइन आमचंच, म्हणजे वडिलांचं आणि माझं, रोज भांडण करून झालेलं. आतापर्यंत चार गेले, त्यातला एक तेल गळतोय म्हणून परत आलाय. नेमप्लेट करून आणली तर वडील म्हणाले, "गळायचा थांबल्याशिवाय लावू नको."

सोमवारी परत ऑडिट आहे. पिवळे पट्टे पुसट झालेत, ते रंगवायला जातो.