आधी बूट आपट, मग पाय घाल

आमच्या मागच्या दाराशी चार-पाच जोड बूट पडलेले असतात, आणि सकाळी शाळेच्या घाईतही त्यांची ठकठक चुकत नाही. बूट उलटा धरायचा, पायरीवर दोनदा आपटायचा, आत डोकवायचं, मग पाय घालायचा. मुलाला हे दात घासण्याइतकं अंगवळणी पडलंय. फेब्रुवारीत चिपळूणहून आई आली, तेव्हा तिला वाटलं आम्ही चिखल झाडतोय. "अगं, स्वच्छच तर आहेत!" कोळी बघतोय म्हटल्यावर तिला हसूच आलं. "कोळ्याला कसलं घाबरायचं? आपल्या माळ्यावर एवढाले असतात!"

तिचंही खरंच होतं. चपटा, तपकिरी, पसरलेल्या पायांचा, पोटाशी अंड्यांची पांढरी चकती घेऊन भिंतीवरून सरसर पळणारा कोळी कोकणातल्या प्रत्येक घराने पाहिलेला असतो. त्याचीच भावंडं इथे सिडनीत आहेत, त्यांना म्हणतात हंट्समन. तळहाताएवढा असतो, पाऊस आला की घरात शिरतो, आणि गाडीत ऊन अडवायची झडप खाली ओढली की तिच्यामागून कपाळासमोर येतो. नव्या माणसाची किंकाळी हमखास फुटते ती याला बघून. पण हा मुळात माणसापासून पळणारा, आणि चावलाच तर थोडं दुखण्यापलीकडे सहसा काही होत नाही. आई दुसऱ्याच दिवशी बैठकीच्या खोलीतल्या हंट्समनला "असू दे रे, झुरळं खाईल" म्हणून मोकळी झाली. आम्हाला हे जमायला वर्ष लागलं होतं.

खरी भीती त्याची नाही. आम्ही राहतो हॉर्न्सबीच्या बाजूला, कुंपणापलीकडे थेट जंगल. हा भाग फनेल-वेबचा. न्यूकॅसलपासून नाउरापर्यंत आणि पश्चिमेला लिथगोपर्यंत, एवढ्याच पट्ट्यात सिडनीचा हा कोळी आढळतो, आणि याच पट्ट्यात लाखो माणसं घरं बांधून बसली आहेत. मादी बहुतेक आयुष्य दगडाखाली, ओलसर बिळात काढते. नर मात्र उन्हाळ्याच्या महिन्यांत, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, मादी शोधत रात्री भटकतो. आणि दैवगती अशी, की नराचंच विष मादीपेक्षा कितीतरी जहाल. त्या विषाने मज्जातंतू शांतच होत नाहीत; घाम, लाळ, स्नायूंचं फडफडणं सुरू होतं. गंमत म्हणजे कुत्र्या-मांजरांना त्याचं फारसं काही होत नाही. बाधतं ते माणसाला आणि माकडाला.

आई आल्यावर दोन आठवड्यांनी, तीन दिवसांच्या पावसानंतर, एक साहेब आमच्या कपडे धुण्याच्या खोलीत आले. फरशीवर, पायपुसण्याच्या कडेला. काळा, पण केसाळ काळा नव्हे. नुकतं पॉलिश केलेल्या बुटासारखा चकचकीत. आकार म्हणाल तर पाय धरून दोन रुपयांच्या नाण्याहून थोडा मोठा. मी पायपुसणं हलवलं तसे त्याने पुढचे पाय वर उचलले आणि मागे रेलून उभा राहिला. पळाला नाही. हीच त्याची ओळख म्हणा ना: गुळगुळीत भिंतीवर किंवा छताला दिसला तर बहुधा हंट्समन; जमिनीवर असला, चकाकत असला आणि अंगावर यायच्या तयारीत असला, तर लांब व्हायचं.

आईने चप्पल उचलली. "थांब!" मी एवढ्या जोरात ओरडले की नवरा धावत आला. चपलेने मारायचं म्हणजे हात तिथवर न्यायचा, आणि हातच तिथे न्यायचा नसतो. शिवाय हा कोळी इथे कामाचा आहे. १९८१ साली विषांचे अभ्यासक स्ट्रुअन सदरलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्यावरचं प्रतिविष तयार केलं. त्याआधी तेरा मृत्यूंची नोंद आहे, त्यानंतर एकाचीही नाही. ते प्रतिविष करायला विष लागतं, आणि ते काढतात सिडनीच्या उत्तरेला समर्सबीच्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये, लोकांनी बरण्यांत भरून आणून दिलेल्या कोळ्यांचं.

तर, लोणच्याची रिकामी काचेची बरणी आडवी ठेवली आणि नवऱ्याने लांब फूटपट्टीने त्याला आत ढकललं. काचेवर याला चढता येत नाही, म्हणून बरणी उभी केली की तो तळाशीच. ओलसर माती घातली, झाकणाला आधीच भोकं पाडली होती. आई हे सगळं स्टुलावर उभी राहून बघत होती.

दुसरा, रेडबॅक, तुम्हाला शोधत येत नाही. तुम्हीच त्याच्याकडे जाता. प्लास्टिकच्या खुर्चीखाली, कुंड्यांच्या मागे, पत्रपेटीत, कचऱ्याच्या डब्याच्या मुठीखाली. विस्कटलेलं जाळं, त्यात वाटाण्याएवढी काळी मादी, पाठीवर लाल पट्टा. खुर्ची ओढताना बोटं खालून घालायची नाहीत, ही सवय तिच्यामुळे लागली. हिचं विष हळू चढतं, घाम आणि भयानक दुखणं घेऊन. याचंही प्रतिविष १९५६ पासून आहे.

प्रथमोपचार मात्र दोघांचे उलटे, आणि घोटाळा इथेच होतो. फनेल-वेब चावला, किंवा नुसती शंका असली, तरी पूर्ण हातापायाला घट्ट पट्टी गुंडाळायची, अवयव हलवायचा नाही, आणि शून्य-शून्य-शून्य हा इथला तातडीच्या मदतीचा नंबर फिरवायचा. रेडबॅकला पट्टी बांधायची नाही, दाबाने दुखणं वाढतं. बर्फ कापडात गुंडाळून लावायचा.

तिसरा एक बदनाम कोळी आहे, पांढऱ्या शेपटीचा. अंगावर न बरी होणारी जखम दिसली की इथले लोक त्याच्या नावावर खपवतात. २००३ मध्ये खात्रीने त्यानेच चावलेल्या १३० जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मांस सडल्याचं एकही उदाहरण निघालं नाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "आपल्याकडे नाही का, फोड आला की कोळी मुतला म्हणतात!" आजीचं ठरलेलं वाक्य होतं ते.

शनिवारी बरणी गोळा करायच्या ठिकाणी देऊन आलो. परतल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "बरणी दिलीन का परत?"

नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "बरं झालं. मी त्यात लोणचं घातलं नसतं."