पेन्शनवाल्यांचा राग येत नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून

दुकानात बसलेलं कोणी ना कोणी हे विचारतंच. मास्तर लोकांना, तहसीलच्या बाबूंना घरबसल्या पेन्शन, अन् तुम्ही जन्मभर मोटरी भरता, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार बसवता, साठीनंतर तुम्हाला काय, तुमाले राग नाही येत का भाऊ? २०२३ च्या मार्चमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा 'एकच मिशन, जुनी पेन्शन'चा संप झाला तेव्हा तर रोजच विचारत होते.

नाही येत. माझं दुकान त्या पेन्शनवर चालतं, हे आधी समजून घ्या. कास्तकाराची मोटर जळते ती ऐन हरभरा-गव्हाच्या ओलितात, रात्रीची लाईन, व्होल्टेज पडलेलं, एक फेज गेलेला. मोटर त्याला उद्याच पाहिजे अन् पैसे कापूस विकल्यावर. भाव पडला म्हणून त्यानं कापूस घरात ठेवला की माझी उधारी पण त्याच्याच घरात पडून राहते, तांब्याची तार मात्र मला नगदी आणावी लागते. त्याचाही दोष नाही, त्याच्या हातात कुठं काय आहे. अशा वेळी रिटायर गुरुजी कूलरची मोटर घेऊन येतात अन् पैसे हातावर ठेवतात. तोच पैसा पुढे किराणावाल्याकडे, मेडिकलवाल्याकडे जातो. पाऊस दगा देतो त्या साली तालुक्याच्या बाजारात न चुकता येणारा पैसा तेवढाच. तो बंद पडून माझं काय भलं होणार आहे?

अन् सगळ्याच सरकारी लोकांना ती मिळते असंही नाही. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली, त्याजागी आलेल्या एनपीएस योजनेत पगारातून १० टक्के कापतात, सरकार १४ टक्के टाकतं, शेवटी किती हाती येईल ते बाजारावर. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून ठरलेल्या पेन्शनची हमी देणारी युनिफाइड पेन्शन आणली ती ह्याच ओरडीमुळे. एसटीचा ड्रायव्हर तर ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेत, तिथली कमीत कमी पेन्शन २०१४ मध्ये १००० रुपये ठरली, त्याला कोण सुखी म्हणेल.

आता आमचं सांगतो. केंद्र सरकारची अटल पेन्शन २०१५ पासून आहे, १८ ते ४० वयात घ्यायची, साठीनंतर महिन्याला १००० ते ५०००. अठराव्या वर्षी घेतली तर ५००० साठी महिना २१० रुपये, चाळिसाव्या वर्षी घेतली तर १४५४. गॅरेजवर नाहीतर वेल्डिंगवर लागलेल्या पोराला अठराव्या वर्षी हे सांगतं कोण? अन् ते ५००० किती का वर्षं जाईना ५०००च राहतात, गुरुजींना महागाई भत्ता तरी वाढून मिळतो. असंघटित कामगारांच्या श्रमयोगी मानधन पेन्शनमध्ये सरकार आपल्याएवढेच पैसे टाकतं, साठीनंतर ३०००, ही गोष्ट मला पटते, पण अट आहे महिन्याचं उत्पन्न १५००० पर्यंत. आमचं महिन्याचं उत्पन्न काढायचं कसं? जानेवारीत जेवायला फुरसत नसते अन् श्रावणात दिवस दिवस गिऱ्हाईक नाही. राज्याची म्हाताऱ्यांसाठीची श्रावणबाळ योजना म्हणाल तर वय ६५ अन् घरचं वार्षिक उत्पन्न २१००० च्या आत, म्हणजे महिन्याला १७५०. ज्याच्या दुकानाचं शटर रोज उघडतं तो त्यात बसणारच नाही.

हे काम जवळून बघा एकदा. जळालेलं वायंडिंग काढायला स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा भाग, तापवतो तेव्हा वार्निशचा धूर सरळ छातीत जातो, मग खाचांमध्ये कागद घालून वेढे मोजत मोजत नवी तार बसवायची, मधेच कोणी हाक मारली अन् मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. पंख्याची तार तर केसासारखी. चाळिशी ओलांडली की चष्मा लावूनही हात पहिल्यासारखा चालत नाही. गुरुजींचा पगार वयाबरोबर चढत गेला, आमची कमाई वयाबरोबर उतरते, अन् नव्या नोकरदारांचा पेन्शनचा हप्ता हातात पैसा यायच्या आधीच कापला जातो, आमचा मात्र पोरांच्या फिया, दवाखाना, दुकानाचं भाडं सगळं भागवून उरलं तर. बचतीची अक्कल त्यांना जास्त अन् आम्हाला कमी असं काही नाही, व्यवस्थाच तशी आहे.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी बँकेत पाठवून अटलचा फॉर्म भरायला लावतो, अन् हप्ता सहामाही ठेवायला सांगतो, ही सोय आहे पण फार जणांना माहीतच नसते. महिन्याचा ठेवला की पावसाळ्यात खात्यात बॅलन्स नसतो, हप्ता चुकतो अन् वरून दंड लागतो. सहामाहीत एक हप्ता तरी हंगामात येतो अन् दुसऱ्याचे पैसे तेव्हाच बाजूला काढता येतात.

सरकारकडून मला पाहिजे ते एवढंच, की आम्ही टाकू तेवढे त्यांनीही टाकावे, मिळणारी रक्कम महागाईबरोबर वाढावी, अन् पंचेचाळीस-पन्नाशीच्या मिस्त्रीलाही आत येऊ द्यावं. कर्मचारी पुन्हा मंडप टाकून बसले तर मी दुकान बंद ठेवून त्यांच्यात बसायला तयार आहे, त्यांनी आपल्या निवेदनात आमच्या ह्या तीन ओळी घालाव्या.